आम्ही, अम्मी आणि एक कटोरी

उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायचं म्हणजे 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक दरवर्षी नव्यानं समजावून सांगावा लागतो. ऐकणारा ज्यात नाही ते 'आम्ही', ऐकणाराही ज्यात आहे ते 'आपण'. आमच्या दखनीत 'हम' आणि 'अपन' आहेतच, त्यामुळे मुलींना ते पटकन कळतं. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मिस, तुम्ही एकट्या असून स्वतःला आम्ही का म्हणता?" आम्ही सांगणार होतो की लातूरला आमच्या माहेरी 'मैं' हा शब्द फारसा नव्हताच. अब्बा म्हणायचे हम, अम्मी म्हणायची हम, तीच सवय मराठीत उतरली. पण त्याआधीच मागच्या बाकावरून हळू आवाजात उत्तर आलं, "मिस में दो जने बैठते ना!"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. तेव्हा आमचं वजन 128 किलो होतं आणि उंची पाच फूट दोन इंच. पोरगी काही खोटं बोलली नव्हती.

आमच्या अंगात खरोखरच दुसरं कुणीतरी बसलेलं होतं. ते कोण, हे कळायला पुढं पोट कापून घ्यावं लागलं. तीच ही हकीकत.

आमचं माहेर लातूरचं, गंजगोलाईच्या जवळ. 1917 साली बांधलेली ती गोल पेठ, तिच्यातून फुटणारे सोळा रस्ते आणि त्यातल्याच एका रस्त्यावरचं आमचं दोन खोल्यांचं घर. सासर नांदेडचं, इतवाऱ्यात. लातूर-नांदेड अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलं. चाकूर, अहमदपूर, लोहा असं करत एसटी येते. त्या एसटीनं आम्हाला जेवढं रडवलं तेवढं सासूनंही रडवलं नाही. दोन जणांच्या बाकावर आम्ही बसलो की उरलेल्या जागेत लहान पोरच बसू शकायचं. एकदा कंडक्टर म्हणाला, "बाई, दीड तिकीट काढू का?" गाडीतली माणसं हसली. आम्ही बुरख्याच्या आत होतो, त्यामुळे आमचा चेहरा कुणाला दिसला नाही. बुरख्याचा हाही एक उपयोग असतो.

आता अम्मीविषयी सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

1972 च्या दुष्काळात अम्मी सतरा वर्षांची होती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. वेगळा जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती. नाना मरून गेलेले, घरात नानी आणि पाच भावंडं. अम्मी सगळ्यांत मोठी. तिनं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो म्हणायचे तिला, तिच्या भाकरी थापल्या. कामावर मिळणारी सुकडी ओढणीच्या पदरात बांधून घरी आणली. ती सुकडी, मिलोच्या कण्या, जे काही असेल ते नानी एका जर्मनच्या लहानशा कटोरीनं मोजून वाटायची. एकाला एक कटोरी. अम्मीनं हे आम्हाला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. पण तिच्या हातात वाढण्याचा पळा आला की तो दुष्काळ आमच्या ताटात उतरायचा, तो उलटा होऊन.

"खाले बेटी, और ले, इत्ता तो खा." हे वाक्य आमच्या कानांनी अजानीइतक्याच वेळा ऐकलं असेल. ताटात दाणा टाकायचा नाही, दस्तरख्वानावर सांडलेलं उचलून खायचं, रिज्काचा अपमान करायचा नाही. हे सगळं योग्यच होतं. पण कुणी 'पुरे' म्हणायला शिकवलं नाही. लग्नानंतर तीन मुलांच्या ताटात उरलेलं खाणं हे आमचं काम झालं. सासरच्या माणसांचं जेवण झाल्यावर पातेल्यात उरलेला बगारा खाना आणि दालचा फेकायचा कसा? तो आम्ही पोटात ठेवला. घराघरातल्या बाया हेच करतात. उकिरड्याचं पाप नको म्हणून स्वतःच्या देहाचा उकिरडा करतात, आणि वर त्यांना लोक म्हणतात, खात्यापित्या घरची दिसते!

चाळिशीपर्यंत हे कौतुक म्हणून चाललं. मग एकेक गोष्ट सुरू झाली. साखर निघाली, गोळ्या दोनाच्या चार झाल्या. गुडघे गेले. रात्री झोपेत श्वास अडायचा. आमचे हे घाबरून उठवून बसवायचे. आणि एक दिवस असर पढताना आम्ही सज्द्यात गेलो ते उठता येईना. कपाळ जमिनीवर, हात टेकलेले, आणि देह जागचा हलत नाही. धाकट्यानं धावत येऊन बगलेत हात घालून उठवलं. त्या दिवसापासून आम्ही खुर्चीवर बसून नमाज पढू लागलो. वय त्रेचाळीस! आमची सासू पंच्याहत्तरीची, ती शेजारी जमिनीवर सज्दा करायची आणि आम्ही खुर्चीवर मान झुकवायचो. त्या खुर्चीची लाज आम्हाला एसटीच्या बाकापेक्षा जास्त वाटली.

उपाय केले नाहीत असं नाही. गरम पाण्यात मध झाला, मेथीदाणे झाले, दुधी भोपळ्याचा रस झाला, महिन्याला तीन हजारांची कसली तरी पावडर झाली. दहा किलो उतरायचं, पंधरा चढायचं. आम्ही समजायचो आमची नियत कच्ची आहे. पुढं एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा फक्त नियतीचा खेळ नाही. वजन घटलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं, भूक वाढवतं, खर्च कमी करतं आणि गेलेलं परत जमा करतं. दुष्काळ हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. आम्ही मात्र दचकलो.

या शस्त्रक्रियेचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं ते नितीन गडकरींमुळे. 2011 मध्ये त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली तेव्हा पेपरात आलं होतं. आमचे हे म्हणाले, बड्या लोकांची कामं. मग फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद नावाची मुलगी मुंबईच्या सैफी हॉस्पिटलमध्ये आणली गेली. छत्तीस वर्षांची. वजन पाचशे किलोच्या घरात असल्याचं सांगत होते. मालवाहू विमानातून आणलं, क्रेननं पलंगासकट वर चढवलं. कित्येक वर्षं ती घराबाहेर पडलेली नव्हती. इतवाऱ्यातल्या आमच्या गल्लीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. बाया टीव्हीसमोर बसून 'तौबा तौबा' म्हणायच्या आणि नजर आमच्याकडे वळवायच्या. मार्चमध्ये तिचं ऑपरेशन झालं, वजन बरंच उतरलं. मेमध्ये तिला अबुधाबीला नेलं आणि 25 सप्टेंबर 2017 ला तिथं ती वारली. तिला आणखी पुष्कळ आजार होते. पण गल्लीनं निकाल देऊन टाकला: पेट कटाया, मर गई.

आम्ही त्याच महिन्यात ठरवलं की ऑपरेशन करून घ्यायचं. असं का, ते नीट सांगता येत नाही. क्रेननं उचललेल्या त्या पलंगावर आम्हाला इमान दिसत नव्हती. आम्हीच दिसत होतो, वीस वर्षांनंतरचे.

घरात पहिला प्रश्न आला तो शरीअतचा. अल्लाहनं दिलेल्या देहात फेरफार करायचा का? मोहल्ल्यातल्या मौलानांकडे आमचे हे गेले. मौलाना शहाणे. त्यांनी उलट विचारलं, "सुंदर दिसायला की जगायला?" सुंदर दिसायला असेल तर नको, आजार असेल, दुसरा इलाज उरला नसेल आणि जाणकार डॉक्टर सांगत असेल, तर तो इलाजच आहे, आणि इलाज करणं सुन्नत आहे. पुढं वाचनात आलं की 2007 मध्ये मलेशियातल्या पुत्रजाया इथं आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीनं याच अर्थाचा निर्णय दिलेला आहे. मौलानांनी आणखी एक गोष्ट ऐकवली, पोटाच्या तीन भागांची: एक अन्नाचा, एक पाण्याचा, एक श्वासाचा. ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ऐकायला कान पुरतात, पाळायला पोट लागतं. आम्ही तीन भागांचा हिशेब पाळला नाही म्हणून आता सर्जन चौथा भाग तेवढा शिल्लक ठेवणार होता.

यात नवं काही नाही, असंही एका पुस्तकात सापडलं. दहाव्या शतकात स्पेनमधल्या लिओनचा राजा सांचो इतका लठ्ठ झाला की त्याला घोड्यावर बसता येईना. 958 साली सरदारांनी त्याला गादीवरून उतरवलं. त्याची आजी, नव्हाराची राणी तोदा, त्याला घेऊन इलाजासाठी कुठं गेली? कुर्तुब्याला, खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याच्या दरबारी. ज्यांच्याशी लढाया केल्या त्यांच्याच दारी! खलिफाचा ज्यू हकीम हसदाय इब्न शप्रूत यानं त्याला बारीक केलं आणि दोन वर्षांत सांचोला आपलं राज्य परत मिळालं. ख्रिस्ती राजा, मुसलमान खलिफा, ज्यू हकीम. आम्हाला त्या कथेत राजापेक्षा आजी आवडली. नातवाच्या देहासाठी तिनं मान खाली घातली.

आम्ही मात्र आमच्या अम्मीला काही सांगितलं नाही. 'लातूरला कळता कामा नये,' हे घरात पहिल्या दिवशीच ठरलं.

खर्च तीन लाखांच्या आसपास येणार होता. आमच्या विमा पॉलिसीत तेव्हा लठ्ठपणाचं ऑपरेशन बसत नव्हतं. 2019 नंतर विमा नियामकानं अटी ठरवून दिल्या आणि पुष्कळ पॉलिसींत ते बसू लागलं. आमचं त्याआधीच झालं. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, उरलेल्यासाठी दोन बांगड्या गहाण ठेवल्या. नणंद म्हणाली, "न खाण्यासाठी तीन लाख? आम्ही फुकट उपाशी राहून दाखवतो." तिचंही बरोबर होतं.

जानेवारी 2018 मध्ये देवगिरी एक्स्प्रेसनं आम्ही सिकंदराबादला उतरलो. नांदेडच्या माणसाला मोठा आजार झाला की तो हैदराबादची वाट धरतो. निजामाचं राज्य गेलं तरी ही सवय गेली नाही. दवाखान्याच्या वाटेवर चार बिर्याणीची हॉटेलं. रिक्षावाला आपल्याच बोलीत विचारतो, "खाने कू रोकूं क्या आपा?" आणि आम्ही गेले दहा दिवस नुसत्या पातळ पदार्थांवर! ऑपरेशनआधी यकृताची चरबी उतरावी म्हणून तसं करावं लागतं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. जठर पिशवीसारखं असतं. तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढायचा, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. पोटावर चार-पाच लहान छिद्रं, दुर्बिणीतून काम, दीड तास. कापून टाकतात त्या भागातच भुकेचा रस जास्त तयार होतो, म्हणून भूकही कमी होते. आशियाई लोकांत बीएमआय 37.5 च्या वर असेल, किंवा मधुमेहासारखा आजार असून 32.5 च्या वर असेल, तर हे ऑपरेशन सुचवत. आमचा 51 च्या वर होता. "हे परत जोडता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि हा जादूचा दिवा नाही. आम्ही तुम्हाला पहिली दोन वर्षं देतो, पुढचं तुम्ही."

भूल देणाऱ्या बाईंनी आकडे मोजायला सांगितले. आम्ही मनात कलमा म्हणत होतो. मध्येच इमानचा पलंग आठवला आणि मग काही आठवलं नाही.

त्याच संध्याकाळी नर्सनं उठवून चालवलं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून चालावंच लागतं. पोटात गॅसच्या कळा, खांद्यापर्यंत दुखणं, कोरड्या ओठांवर ओला बोळा. दुसऱ्या दिवशी औषधाच्या टोपणाएवढ्या पेल्यात पाणी आलं. तीस मिली. ते एका दमात नाही, घोट घोट, पंधरा मिनिटांत. आम्ही पहिला घोट घेतला आणि तो छातीखाली उतरताना स्पष्ट कळला. पाणी बसून, थांबत, तीन श्वासांत प्यावं, असं मदरशात शिकवलेलं होतं. त्रेचाळीस वर्षांनी तशी वेळ आली.

पाण्याशी आमचं जुनं नातं आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी जमू नये म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अम्मी तेव्हा फोनवर म्हणाली होती, बहात्तरला धान्य परदेशातून आलं, आता पाणी रेल्वेतून येतंय. तेव्हा आम्ही सुट्टीत गेलो असताना लोट्यानं मोजून पाणी घेत होतो. आता नांदेडला गोदावरीच्या काठी राहून, घरात नळाला पाणी असताना, टोपणानं मोजून घेत होतो. आणि त्यातच चुकलो. तिसऱ्या आठवड्यात पेपर तपासायच्या नादात पाण्याचे घोट राहून गेले. चक्कर येऊन पडलो, दोन दिवस सलाईन लागलं. चूक आमचीच. दिवसभर घड्याळ लावून पाणी प्यायचं असतं, हे सांगितलेलं होतं.

पुढचे महिने लिहायला सोपे आहेत, काढायला नव्हते. आधी ताक, डाळीचं पाणी, यखनी; मग मिक्सरमधून काढलेलं; मग मऊ खिचडी, दोन चमचे. तिसरा चमचा गेला की घशापर्यंत दाटायचं. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली. पुढं ते परत आले. बी-12, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभरासाठी मागे लागल्या. पण साखरेच्या चार गोळ्यांची आधी एक झाली, मग तीही थांबली. रात्री श्वास अडेना. आमचे हे म्हणाले, "घोरणं बंद झाल्यापासून मला झोप येत नाही."

सगळ्यांत कठीण काय गेलं असेल तर दावत. आपल्याकडे नातं जेवणातून चालतं. न जेवणारा पाहुणा म्हणजे नाराज पाहुणा. एका मोठ्या ताटाभोवती चौघी बसायच्या, आमच्या बाजूचा भात तसाच राहायचा. यजमानीण विचारायची, "क्या हुआ, नमक जास्ती है क्या?" आम्ही घास चघळत बसायचो. इतकी वर्षं आम्ही जाड होतो म्हणून वेगळ्या होतो, आता खात नाही म्हणून वेगळ्या झालो. कधी कधी रात्री पोट रिकामं नसताना मन उपाशी असायचं. भूक कापून टाकता येते, हाव मेंदूत राहते. शिरखुर्म्याचा वास आला की डोळ्यांत पाणी यायचं, याची लाज वाटायची. एकदा न राहवून वाटीभर डबल का मीठा खाल्ला. अर्ध्या तासात घाम, धडधड, उलटी. देहानंच मास्तर होऊन छडी मारली.

एप्रिल 2018 मध्ये लातूरला भावाच्या मुलाचं अकीका होतं. तोपर्यंत सत्तावीस किलो उतरलं होतं. चार महिने काही ना काही कारण सांगून टाळलं, आता टाळता येईना. एसटीतून निघालो. अहमदपूरला एक बाई शेजारी येऊन बसली, पूर्ण बसली, आणि आम्ही खिडकीकडे तोंड करून रडलो.

अम्मी दारातच होती. तिनं बघितलं, आणि 'आ गई' म्हणाली नाही. बुरखा काढल्यावर तिनं आमचे दंड चाचपले, गळ्याखालची लोंबती कातडी बघितली, विरळ केस बघितले. काही न बोलता आत गेली. रात्री वहिनीनं सांगितलं, अम्मी दुपारीच सुरत शाहवली दर्ग्यात जाऊन मन्नत मागून आली आहे. तिला वाटलं, मुलीला मोठा आजार आहे आणि आपल्याला कुणी सांगत नाही.

मग सांगावंच लागलं. आम्ही तिच्या पायाशी बसलो. मधुमेहानं तिच्या उजव्या पायाचं एक बोट आधीच गेलेलं होतं. ते आम्ही दाबत होतो आणि सांगत होतो. कापून काढलं, परत जोडता येत नाही, कर्ज काढलं, सगळं सांगितलं. अम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बहात्तर में हमना पेट भरने कू फत्तर फोडे. और तू पैसे देको पेट कटाको आई?"

याला उत्तर नव्हतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उठून तिनं दिवा घालवला. सकाळी आम्ही निघालो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिनं डबा बांधून दिला नाही.

मे महिन्यात रमजान आला. मराठवाड्याचा मे, पारा बेचाळीसच्या वर. डॉक्टरांनी या वर्षी रोजे नाहीत म्हणून बजावलं होतं. आम्ही नंतर कजा करायचे ठरवले, आणि ते जमतील की नाही या धास्तीनं फिदयाचे पैसेही बाजूला काढून ठेवले. ज्यानं जन्मभर पोटाची एवढी चाकरी केली, त्याच्या नशिबी उपवासही नसावा! घरातले सगळे रोजेदार, आणि आम्ही भर दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून टोपणानं पाणी पितोय. लातूरहून फोन यायचा तो भावाचा. अम्मी झोपली आहे, असं तो सांगायचा. खोटं बोलताना त्याचा आवाज बारीक होतो.

ऑगस्टमध्ये बकरीदनंतर दोन दिवसांनी अम्मी न सांगता नांदेडला आली. भावानं एसटीत बसवून दिलं होतं. हातात पिशवी. आली, वुजू केला, नमाज पढली आणि थेट स्वयंपाकघरात शिरली. कुर्बानीचं गोश्त होतं. तिनं अंबाडा घालून केलं, अगदी मऊ शिजवलं, ज्वारीची भाकरी थापली. दस्तरख्वान पसरलं. सगळ्यांना वाढून झालं. मग पिशवीतून तिनं फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली. जर्मनची कटोरी. काठाला दोन पोचे, तळ काळा पडलेला. आम्ही ती कधी पाहिली नव्हती, पण ओळखली. इतकी वर्षं ती कुठल्या पेटीत होती, देव जाणे.

अम्मीनं त्यात भाकरी कुस्करली, वर रस्सा घातला, गोश्ताचे दोन तुकडे बोटांनी बारीक केले आणि आमच्यासमोर ठेवली. "हमारे हिस्से में इत्ताच आता था," ती म्हणाली. "मैं सोची थी तेरेकू कब्बी इसमें नहीं खिलाना पडेगा."

'मैं' म्हणाली. हम नाही.

आम्ही हळूहळू खाल्लं, वीस मिनिटं लागली. कटोरी संपली नाही, तळाला दोन घास उरले. अम्मीनं ते उचलून स्वतःच्या तोंडात टाकले. आम्हाला तेव्हा हसू आलं आणि तिलाही. ती मधुमेही बाई, तिला ते चालतंय की नाही हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. पण रात्री सुचलं. आमच्या ताटात उरलेलं अम्मी खाते, मुलांच्या ताटातलं आम्ही खायचो, उद्या आमची मुलगी खाईल. ही कटोरी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना तिचं पातेलं कसं होतं, ते आम्हाला त्या रात्री समजलं. आमच्यात बसलेला दुसरा जीव म्हणजे अम्मीची सतरा वर्षांची भूक होती. तिनं ती आमच्या स्वाधीन केली होती, प्रेमानं, आणि आम्ही ती एकनिष्ठपणे पोसली होती.

2019 च्या रमजानमध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं, एक दिवसाआड, आम्ही रोजे धरले. राहिलेले पुढच्या हिवाळ्यापासून थोडे थोडे फेडले. इफ्तारला एक खजूर, घोटभर पाणी, आणि बस. त्या वर्षी वजन 79 पर्यंत उतरलं होतं. सगळं खरं सांगायचं तर आज ते 86 आहे. कोविडच्या काळात घरी बसून सात किलो परत आले. जठराची नळी थोडी ताणते, जुन्या सवयी फटीतून आत येतात. ऑपरेशननं आम्हाला संधी दिली, हमी दिली नाही. आता तर आठवड्याला एक सुई घ्यायची औषधं 2025 पासून भारतात मिळू लागली आहेत. पुढं कदाचित चाकूची गरज कमी होईल. पण सुई थांबली की पुष्कळांचं वजन परत येतं, असं सांगतात. म्हणजे तिथंही जन्माचं बांधून घेणं आलंच.

कुणी विचारतं, मग आम्ही करू का? आम्ही सल्ला देत नाही. आमच्या माहितीत ज्यांना त्रास झाला अशाही बाया आहेत. एवढंच सांगतो की आधी साखर, रक्तदाब, गुडघे तपासा, चांगल्या डॉक्टरला भेटा, आणि शेजारीण बारीक झाली म्हणून जाऊ नका. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या देशातल्या शंभरातल्या 24 बाया वाजवीपेक्षा जाड निघाल्या आणि जवळजवळ 19 वाजवीपेक्षा रोड. आमच्या घरात ही दोन्ही माणसं एकाच दस्तरख्वानावर बसलेली होती, फक्त पन्नास वर्षांच्या अंतरानं.

आमची मुलगी आता वीस वर्षांची आहे. अंगानं आमच्यावर गेली आहे. पहाटे फजरनंतर आम्ही दोघी गोदावरीच्या काठाला चालायला जातो, बुरख्याखाली बूट घालून. आणखी पाच-सहा जणी येतात. सुरुवातीला पोरं हसायची, आता सलाम करतात. घरी आल्यावर मुलगी उरलेलं अन्न झाकून फ्रिजमध्ये ठेवते, किंवा दारच्या बाईला ताजं असतानाच देऊन टाकते. पोटात ठेवत नाही. एवढं जरी शिकवता आलं तरी तीन लाख फिटले.

अम्मी सत्तरीची झाली. वर्षातून दोनदा येते. कटोरी नांदेडलाच ठेवून गेली आहे, पण जेवायला बसली की दोन चमचे जास्तच घालते. आम्ही हात आडवा धरतो. ती म्हणते, "बस?" आम्ही म्हणतो, "बस."

खुर्ची मुलांनी गच्चीवर नेऊन ठेवली आहे. अम्मी आली की आम्ही तिच्या शेजारी जमिनीवर नमाज पढतो. सज्द्यातून उठताना गुडघे अजूनही वाजतात. आता उठायला तिलाच वेळ लागतो, म्हणून आम्ही सलाम फेरून थांबतो आणि हात पुढं करतो.

"चल," ती उठता उठता म्हणते, "अपन खाना खाएंगे."